पडद्याची उलट बाजू, मुक्काम एर्लांगेन

जर्मनी पाहून आलेल्या माणसाने किल्ले, चर्च आणि नदीवरचे पूल यांची वर्णनं करायची असतात, हे मला ठाऊक आहे. आमच्या ह्यांनी ती एका दोनशे पानी वहीत करून ठेवली आहेत. कोणाला हवी असल्यास ते आनंदाने वाचून दाखवतील. मी मात्र तिथे जे सगळ्यात नीट पाहिलं ती एका पडद्याची उलट बाजू होती, आणि ती पाहताना मला चांगलाच ओरडा बसला.

त्याचं असं आहे की मी सांगलीला मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं शिवण आणि भरतकाम शिकवलं. मुलीने रुमाल पुढ्यात ठेवला की मी तो आधी उलटा करायची. सुलट बाजू कोणीही सजवतं. मागे गाठी किती, धागा कुठून कुठे फरफटत नेलाय, हे पाहिल्याशिवाय मी मार्क दिले नाहीत. निवृत्त झाले तरी हात काही निवृत्त झाला नाही. लग्नकार्यात एखादीचा भरलेला पदर दिसला की मी तो उलटून पाहते, आणि माझी मुलगी मुक्ता ओळख नसल्यासारखी लांब जाऊन उभी राहते.

पहिला आठवडा

२०१७च्या मे महिन्यात आम्ही दोघं मुक्ताकडे एर्लांगेनला गेलो. जावई अमेयराव तिथे दवाखान्यातल्या मोठाल्या यंत्रांचं काहीतरी करतात. काय ते त्यांनी मला तीनदा समजावून सांगितलं आणि मी तिन्ही वेळा मान डोलावली.

त्या गावात माणसांपेक्षा सायकली जास्त असाव्यात. प्राध्यापक सायकलवर, आज्या सायकलवर, पोटुशी बाई सायकलवर. फुटपाथवर लाल रंगाचा एक पट्टा असतो, तो त्यांचा. पहिल्याच दिवशी हे त्या पट्ट्यावर उभं राहून एका चर्चच्या मनोऱ्याची उंची अजमावत होते. मागून घंटी वाजली. पाटबंधारे खात्यात आयुष्य गेलेला माणूस घंटीला काय दाद देणार? मग ऐंशीच्या घरातल्या एक बाई सायकलवरून उतरल्या आणि त्यांनी ह्यांना दोन मिनिटं जर्मनमध्ये समज दिली. हे अधूनमधून "या, या", म्हणजे जर्मनमध्ये "हो, हो", म्हणत होते. आपल्याला घरी बोलावलं आहे अशी त्यांची समजूत झाली होती.

खाण्याचं म्हणाल तर आम्ही गेलो तेव्हा श्पार्गेलचे दिवस होते. जाड, पांढऱ्या देठांची ही भाजी मिळायला लागली की सगळं गाव वेडं होतं. आपल्याकडे आंब्याचं जे, तेच तिथे या देठांचं. उकडतात, वर लोणी ओततात आणि डोळे मिटून खातात. ह्यांनी एक देठ खाल्ला आणि मला हळूच विचारलं, "अगं, फोडणी द्यायची राहिली का?"

आमची खरी फजिती केली ती टपालाने. माझ्या भावाने सांगलीहून ह्यांच्या नावाने भाजणीचं पार्सल पाठवलं होतं. पोस्टमन आला, खालच्या पत्रपेटीवर त्याने ह्यांचं आडनाव शोधलं, सापडलं नाही, आणि पार्सल घेऊन तो निघून गेला. मी वरच्या खिडकीतून हाका मारत होते. भाजणी परत सांगलीला पोहोचली.

"आई, इथे ब्रीफकास्टनवर नाव नसेल ना, तर तू एक्झिस्टच करत नाहीस," मुक्ता म्हणाली. तिने त्याच संध्याकाळी पेटीवर ह्यांच्या आडनावाची चिठ्ठी चिकटवली. त्यानंतर रोज सकाळी हे खाली जाऊन ती वाचून यायचे.

दार उघडं असलेली गिरणी

दुसऱ्या आठवड्यात मी कंटाळले आहे हे मुक्ताच्या ध्यानात आलं. (मी तिचे एक सोडून सगळे पडदे उसवून पुन्हा शिवायला घेतले होते.) गावात एका जुन्या गिरणीच्या इमारतीत कलाकारांना खोल्या दिल्या आहेत, तिथे शनिवारी कोणीही जाऊन काम पाहू शकतं, असं सांगून ती मला घेऊन गेली.

एका मोठ्या खोलीत छतापासून पडदे सोडले होते. निळे, करडे, मातकट. मोजले तर बावीस. प्रत्येकावर रेशमी धाग्याने उर्दूसारख्या लिपीत एकच ओळ भरलेली. टाका मला नवा होता. कापडाचे धागे मोजून भरलेला, बारीक आणि सपाट. आमच्याकडे सांगली-मिरजेपासून खाली उतरलं की कसुती भरतात, तीही धागे मोजूनच, पण हा टाका तिच्याहून दाट होता. मी चष्मा लावला. मी जवळ गेले. आणि मग हाताने जे करायचं तेच केलं.

"नाइन! नाइन! बिटं निष्ट!"

हात लावू नका, असं ओरडत दारापाशी बसलेल्या उंच बाई धावत आल्या. त्या फ्राउ हिल्डं, म्हणजे हिल्डंबाई, इमारतीची व्यवस्था त्यांच्याकडे. मुक्ता नेहमीप्रमाणे लांब जाऊन उभी राहिली. मी पडद्याची कड हातात धरून तशीच उभी, कारण सोडवेना. मागे अस्तर होतं, आणि अस्तरावर दुसरीच ओळ भरलेली होती. पुढच्या ओळीपेक्षा अक्षरं लहान, पण टाका जास्त जीव लावून घातलेला. भिंतीकडे तोंड केलेल्या बाजूला इतकं सुरेख काम कोणी करतं का?

कोपऱ्यातून एक मुलगी हसत आली. पस्तिशीची असेल, डोक्याला रुमाल, बोटात अंगुस्तान. ती फ्राउ हिल्डंना जर्मनमध्ये काही म्हणाली आणि मग माझ्याकडे वळून चक्क हिंदीत बोलली, "एक महिना झाला, माणसं येतात, फोटो काढतात, जातात. उलटून पाहणाऱ्या तुम्ही पहिल्या."

ही तहमीना. काबूलची. लहानपणी काही वर्षं पेशावरला काढली, तिथे उर्दू शिकली, आणि उरलेलं हिंदी आपल्या मालिकांनी शिकवलं. माझं हिंदी असं की हिंदी माणसाला ते मराठी वाटतं. पण आमचं जमलं.

"पुढे काय लिहिलंय?" मी विचारलं.

"या पडद्यावर 'करीमची आई'. त्याच्यावर 'हाजीसाहेबांची बायको'. तिकडे 'दाऊदची बहीण'." तिने सांगितलं की तिच्याकडे परक्यासमोर घरातल्या बाईचं नाव घेणं लाजिरवाणं मानतात. लग्नाच्या पत्रिकेत नवरीचं नाव नसतं, डॉक्टरच्या चिठ्ठीवर कित्येकदा नसतं, मेल्यावर दगडावरही नसतं. "मी काबूलला मुलींना चित्रकला शिकवायचे. एकदा वर्गातल्या मुलींच्या आयांची नावं भिंतीवर रंगवली. दुसऱ्या दिवशी खिडक्या फुटल्या. मग आणखी बरंच फुटलं आणि मी इकडे आले."

"आणि मागे?"

"मागे त्यांची नावं. फोनवर एकेकीने स्वतः सांगितलेली."

पुढच्या शनिवारी खाली दालनात प्रदर्शन होतं. त्या दिवशी ती सगळे पडदे उलटे टांगणार होती, म्हणजे नावं लोकांच्या बाजूला. एकवीस बायकांनी काबूलहून होकार दिला होता, त्यातल्या दोघींनी रडून आणि एकीने शिव्या देऊन. बाविसावा पडदा तिच्या स्वतःच्या आईचा. पुढे लिहिलं होतं 'मादर-ए-नजीब', नजीबची आई. नजीब म्हणजे तहमीनाचा थोरला भाऊ. आई त्याच्याकडे राहायची, याच गावात, बसने दहा मिनिटांवर.

"तिने अजून हो म्हटलेलं नाही. आणि नजीब म्हणतो, आईचं नाव भिंतीवर गेलं तर मी तिकडे दूर नेकारसुल्मला मोटारीच्या कारखान्यात नोकरी धरतो आणि तिला घेऊन जातो. दर रविवारी मी तिच्या हातचं जेवते, बाईजी. तेवढंच घर उरलंय मला." अंगुस्तान काढून ती पुन्हा घालत राहिली. "परक्या एकवीस जणींना धीर दिला मी. स्वतःच्या आईपाशी येऊन अडले."

मी तिला म्हटलं, कामाला दहापैकी नऊ. एक मार्क गाठीचा कापला. ती इतकी हसली की फ्राउ हिल्डं पुन्हा धावत आल्या.

रविवार, दस्तरखानावर

दुसऱ्या दिवशी तिने आम्हा दोघांना आईकडे जेवायला नेलं. मुक्ताने निघताना बजावलं होतं, "आई, त्यांच्या फॅमिली मॅटरमध्ये पडू नकोस हं. प्लीज." मी रव्याचे लाडू घेऊन निघाले. माझ्या मनात काय होतं ते लाडवांखाली झाकलं होतं.

नजीब चाळिशीचा, दाढीवाला, दाराच्या चौकटीला डोकं टेकेल एवढा उंच. त्याने ह्यांच्याशी हात मिळवला, माझ्याकडे न पाहता छातीवर हात ठेवून मान लववली. आता कसं होणार म्हणून मी धास्तावले. तेवढ्यात ह्यांना कोपऱ्यात बॅट दिसली. एर्लांगेनमधली अफगाण मंडळी रविवारी मैदान मिळवून क्रिकेट खेळतात आणि जर्मन लोक कुत्री फिरवताना थांबून बघतात, की हे पांढरे कपडे घालून दिवसभर उभे कशाला आहेत. दहा मिनिटांत दोघं अशा सुरात लेगस्पिनवर बोलत होते की नजीब ह्यांचा पुतण्या वाटावा.

जमिनीवर चादर पसरून जेवण. तिला दस्तरखान म्हणतात. गुडघ्यांमुळे हे एका अंगावर कलंडून बसले, सगळ्यांना वाटलं, ऐटीत बसलेत. बोलानी होत्या, कांद्याच्या पातीसारखी कसलीशी पात भरून तळलेल्या पातळ पोळ्या, सोबत दही. मी चार खाल्ल्या. मग वेलची घातलेला हिरवा चहा आणि साखरेत घोळवलेले बदाम.

तहमीनाची आई सत्तरीची, ठेंगणी, डोळ्यांत मिश्कील चमक. पेशावरची उर्दू तिलाही येत होती, आणि माझ्या गाठी मोजण्याचं तहमीनाने तिला आधीच सांगितलं होतं. (बघा, मीसुद्धा 'तहमीनाची आई' म्हणते आहे. पण तेव्हा मला तिचं नाव ठाऊक नव्हतं. पडद्यामागे होतं, पण मला ती लिपी कुठे वाचता येते? आणि तहमीना आईच्या परवानगीशिवाय ते उच्चारत नव्हती.) तिने लाडू खाल्ला, दुसरा उचलला आणि मला विचारलं, "तुझं नाव काय?"

"सुलभा. म्हणजे लग्नानंतरचं. आधी द्वारका होतं."

"म्हणजे?"

मी सांगितलं. आमच्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरतात, नवरा त्यात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो, पेढे वाटतात आणि त्या दिवसापासून ती त्या नावाची. तहमीनाच्या आईने लाडू खाली ठेवला.

"नवं नाव? आणि जुनं?"

"जुनं... राहतं माहेरी."

"तोबा!" ती दोन्ही कानांना हात लावत म्हणाली. "आमचे पुरुष नाव झाकून ठेवतात. तुमचे तर फेकूनच देतात! आणि हे तू रुमालाच्या गाठी मोजतेस तसं कधी मोजलं नाहीस?"

अफगाण बायकांची कीव करायला आले होते, आणि इथे माझीच कीव सुरू झाली होती. तिने मोर्चा ह्यांच्याकडे वळवला. "साहेब, द्वारका नावात काय खोट होती?"

"पद्धत आहे हो," हे लेगस्पिन सोडून पुटपुटले. "मी काही विचार केला नव्हता."

सुलभाच का, हे मला लग्नानंतर छत्तीस वर्षांत कळलेलं नाही. विचारलं की हे पेपर उघडतात. तिथे मराठी पेपर नव्हता, म्हणून त्यांनी बोलानी उचलली.

"आणि याचं नाव काय?" तिने मला विचारलं. मी सवयीने नजर खाली घातली. तहमीना हसायला लागली. मग मला उखाण्याचं सांगावं लागलं, की नवऱ्याचं नाव सरळ घेत नाहीत, यमकात गुंफून घेतात. "घे! घे!" दोघी मायलेकी मागे लागल्या. मीही घेतलं:

"हिरव्या चहात वेलची, बशीत साखरेचे बदाम,
वसंतरावांचं नाव घेते, सोडून हातातलं काम."

तिने अर्थ दोनदा विचारून घेतला, टाळ्या पिटल्या, आणि मग म्हणाली, "आणि स्वतःच्या नावाचं असतं का असं?"

"नाही. स्वतःचं नाव घे, असं कोणी म्हणतच नाही."

मला वाटलं, हीच वेळ. मुक्ताचा सल्ला मी गिळून टाकला आणि मास्तरणीच्या आवाजात म्हणाले, "मग तुम्ही तरी घ्या. शनिवारी द्या लावून तुमचं नाव. हो म्हणा आणि मोकळ्या व्हा."

नजीब उठून बाहेर गेला. तिने माझी बशी उचलली, माझ्या हातावर थोपटलं आणि शांतपणे म्हणाली, "मुलाला दुकानात, मशिदीत चार माणसांत उभं राहायचं असतं. त्याच्या तोंडावर कोणी माझं नाव घेऊन हसलं, तर ते मला सोसणार नाही."

परतीच्या बसमध्ये तहमीना खिडकीबाहेर बघत होती. "मी तिचा पडदा उलटणार नाही," ती म्हणाली. "नजीबला तसा शब्द देते. म्हणजे दोघं येतील तरी." मला स्वतःचा इतका राग आला की घरी येऊन मुक्ताचा उरलेला एक पडदाही मी उसवला.

शनिवार

दुपारी चारला दालन भरलं. एकवीस पडदे नावांनी फिरलेले आणि त्यांच्यात एकच जुन्या तोंडाचा: मादर-ए-नजीब. तहमीनाने तो कोपऱ्यात नव्हे, मध्यावर टांगला होता. मी त्याच्याकडे बघायचं टाळत होते.

दारात टेबल टाकून फ्राउ हिल्डं बसल्या होत्या. येणाऱ्या प्रत्येकाला नाव विचारायचं, जाड पेनाने चिकटपट्टीवर लिहायचं आणि छातीवर लावायचं. जर्मन लोकांना याशिवाय एकमेकांशी बोलता येत नसावं. ह्यांच्या छातीवर आधीच 'वसंत' झळकत होतं, आणि मुक्ताच्या नवऱ्यासकट सगळे त्यांना एकेरीत हाक मारत असल्यासारखं वाटून हे जरा अवघडले होते.

साडेचारला नजीब आईला घेऊन आला. इस्त्रीचा सदरा, चेहरा घट्ट. मी, मुक्ता आणि हे टेबलाजवळच उभे होतो. फ्राउ हिल्डंनी पेन उघडलं आणि आईकडे पाहिलं. "आल्झो, तर तुमचं नाव?"

"माझी आई," नजीब म्हणाला.

"गेनाऊ, बरोबर. पण नाव?"

"नजीबची आई लिहा."

"तुमच्या आईला विचारलं मी," फ्राउ हिल्डं म्हणाल्या. त्यांच्या आवाजात ना राग होता ना उपदेश. रकाना भरायचा आहे आणि रकान्यात नाव लागतं, एवढंच. पेन हवेत धरून त्या थांबल्या. मागे रांग थांबली. मुक्ता मला कानात भराभर मराठीत सांगत होती आणि माझा तिच्या दंडावरचा हात घट्ट होत चालला होता.

म्हातारीने पेनाकडे पाहिलं, मग फ्राउ हिल्डंकडे. या देशात आल्यापासून कितीतरी कचेऱ्यांत तिचं नाव विचारलं गेलं असणार, पण दर वेळी प्रश्न नजीबला आणि उत्तर नजीबचं. तिच्या तोंडाकडे पाहून कोणी थांबलं नव्हतं.

"माहगुल," ती म्हणाली.

आवाज मोठा नव्हता, पण दालनाच्या दुसऱ्या टोकाला तहमीनाच्या हातातला पेला खाली पडला. फ्राउ हिल्डंनी लिहिलं, पट्टी सोलली आणि उठून तिच्या शालीवर लावली.

नजीब वाकून आईशी काही बोलला. ती त्याला उर्दूतच उत्तर देत होती, बहुधा आम्हाला कळावं म्हणून.

"लोक काय म्हणतील?" तो म्हणाला होता.

"काय म्हणतील?" ती म्हणाली. "माहगुल म्हणतील."

फ्राउ हिल्डंनी दुसरी पट्टी पुढे ओढली. "आणि तुम्ही?" तो तोंड उघडणार तोच आईने त्याच्या आधी, मोडक्या जर्मनमध्ये, एकेक शब्द वेचून सांगितलं, "माहगुलचा मुलगा." फ्राउ हिल्डंनी तेही तसंच लिहिलं. रकाना भरला, त्यांचं काम झालं. नजीबने ती पट्टी हातात घेऊन बराच वेळ पाहिली. मला वाटलं, आता चुरगाळतो. ह्यांनी हळूच त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याने पट्टी सदऱ्याला लावली. वाकडी लागली होती, काढून पुन्हा सरळ लावली.

माहगुल तोवर मधल्या पडद्यापाशी पोहोचली होती. पडदा उंच, तिचा हात पोहोचेना, तहमीनाचाही पोहोचेना, कारण तहमीनाला रडण्यातून फुरसत नव्हती. मी तर उघड उघड रडत होते. एकतीस वर्षं मुलींना मी उलट बाजू लपवू नका म्हणून रागावले, पण उलट बाजूवर इतकं काही लिहिलेलं असतं हे मला त्या दिवशी कळलं.

"नजीब, शिडी आण," माहगुल म्हणाली.

दालनात त्याच्याइतकं उंच कोणी नव्हतं. त्याने शिडी आणली, चढला, दांडी उतरवली, पडदा फिरवला आणि पुन्हा अडकवला. अस्तरावरचं नाव दालनाकडे आलं. काही लोक टाळ्या वाजवायला लागले, पण तो वळला नाही. दोन्ही हातांनी दांडी धरून त्याने वरूनच विचारलं, "सरळ आहे का?"

माहगुलने दोन पावलं मागे जाऊन, डोळे बारीक करून पाहिलं. "डावीकडे जरा वर घे," ती म्हणाली.